मार्शलच्या पाच लेकी

१२४५ च्या डिसेंबरात, वेल्सच्या सीमेवरच्या चेपस्टोमध्ये अँसेल्म मार्शल वारला. जेमतेम महिनाभर आधी त्याचा थोरला भाऊ वॉल्टर गेला होता. त्याच्याआधी गिल्बर्ट, त्याच्याआधी रिचर्ड आणि सर्वांत आधी, १२३१ मध्ये, थोरला विल्यम. चौदा वर्षांत पाच सख्खे भाऊ गेले आणि पाचांतल्या एकाच्याही मागे औरस मूल नव्हतं. इंग्लंडमधला सर्वांत नावाजलेला नाईट विल्यम मार्शल, त्याचं हे घर. बापाला मरून पुरती तीस वर्षंही झाली नव्हती आणि घराण्याचं नाव लावणारा एकही पुरुष वारस उरला नाही.

एवढा मोठा घात घडला की लोक कारण शोधतात. सेंट ऑल्बन्सच्या मठातला बखरकार मॅथ्यू पॅरिस याने ते नोंदवून ठेवलं आहे. आयर्लंडातल्या फर्न्सच्या बिशपची दोन गावं मार्शलने बळकावली आणि परत द्यायचं नाकारलं. बिशपने त्याला धर्मबहिष्कृत केलं. मार्शल मेल्यावर बिशप लंडनला आला. गावं परत करा, मी मृताला मुक्त करतो, असं त्याने राजासमक्ष सांगितलं. मुलांनी साफ नकार दिला. तेव्हा बिशपने शाप दिला, की एका पिढीत हे नाव पुसलं जाईल.

शाप खरा ठरला, असं मॅथ्यू पॅरिसला वाटलं आणि पुढच्या कितीतरी इतिहासकारांनी तीच भाषा वापरली: घराणं बुडालं, वंश खुंटला. वंशाचा दिवा म्हणजे मुलगा, हे ज्याने आधीच गृहीत धरलं त्याला दुसरं काही दिसणारही नाही. पण मार्शलला पाच मुलग्यांबरोबर पाच मुलीही होत्या. पाचही जणींची लग्नं झाली, पाचही जणींना मुलंबाळं झाली. पुढच्या शंभर वर्षांत इंग्लंड, वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड या चारही ठिकाणच्या राजकारणात त्यांच्या पोटची माणसं पुढे होती. या वंशाला निर्वंश म्हणणं ही इतिहासाची सरळसरळ चूक आहे. मार्शलचं आयुष्य नीट पाहिलं तर ती चूक त्याच्या मुलांपासून सुरू होत नाही. ती त्याच्या जन्मापासूनच सुरू होते.

मार्शल जन्मला तोच एका तडजोडीच्या लग्नातून. त्याचा बाप जॉन हा राजाच्या घोडदळाची आणि दरबारातल्या शिस्तीची व्यवस्था पाहणारा वंशपरंपरागत अधिकारी, म्हणजे मार्शल. हुद्दा मानाचा, पण घराणं काही फार मोठं नव्हतं. आजोबा गिल्बर्टच्या पलीकडे माग लागत नाही. राजा स्टीफन आणि सम्राज्ञी माटिल्डा यांच्यातल्या यादवीत जॉनची सॅल्झबरीच्या पॅट्रिकशी जुंपली आणि जॉन मेटाकुटीला आला. मग तह झाला. जॉनने पहिली बायको सोडली आणि पॅट्रिकच्या बहिणीशी, सिबिलशी, लग्न केलं. सिबिलचा दुसरा मुलगा म्हणजे विल्यम, जन्म ११४७ च्या सुमाराचा. पहिल्या बायकोचे दोन धरले तर बापाचा चौथा. म्हणजे हे पोर जन्मलंच मुळी आईच्या माहेरामुळे, आणि पुढे त्याच्या कामी आलं तेही आईचंच माहेर.

बापाकडून काय मिळालं, याचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ११५२ मध्ये स्टीफनने न्यूबरीला वेढा घातला. गढी देतो असं सांगून जॉनने मुदत मागितली, ओलीस म्हणून पाच-सहा वर्षांच्या विल्यमला राजाच्या हवाली केलं आणि त्या मुदतीत गढीत रसद भरून घेतली. मुलाला फासावर देतो अशी धमकी आली तेव्हा, याहून चांगले मुलगे घडवायला माझ्याकडे हातोडाही आहे आणि ऐरणही, अशा अर्थाचं उत्तर त्याने पाठवलं. पोर वाचलं ते स्टीफनचं मन धजलं नाही म्हणून.

चौथ्या मुलाला जमीन मिळण्याची आशा नव्हती. त्याला नॉर्मंडीत तांकारव्हिलच्या सरदाराकडे शिकायला धाडलं; तो आईच्या नात्यातला. विशीत तो नाईट झाला, पहिल्याच चकमकीत गाजला आणि त्याच चकमकीत घोडा गमावून बसला. इतका कफल्लक झाला, की नाईट होताना मिळालेला झगा विकून त्याला साधं तट्टू घ्यावं लागलं. ११६८ मध्ये तो मामाबरोबर, म्हणजे त्याच पॅट्रिकबरोबर, पुआतूत होता. लुझिन्याँ घराण्याच्या माणसांनी अचानक हल्ला केला, मामा मारला गेला, भाच्याच्या मांडीत भाला घुसला आणि तो कैद झाला. पकडणारे त्याला जखमेसकट गावोगाव फिरवत होते. एका गढीत एका बाईच्या लक्षात आलं, की हा पायाच्या पट्ट्या फाडून जखमेवर बांधतो आहे. तिने पाव आतून पोखरला, त्यात स्वच्छ तागाच्या पट्ट्या भरल्या आणि तो त्याच्याकडे पोचवला. त्या पट्ट्यांनी पाय वाचला. पुढे खंडणी भरून त्याला सोडवलं ते राणी एलिनॉर ऑफ ॲक्विटेनने. तिने त्याला घोडे, शस्त्रं, कपडे दिले आणि पदरी ठेवलं.

मार्शलची कहाणी सहसा स्वकर्तृत्वाची कहाणी म्हणून सांगितली जाते. ते खोटं नाही. ११७० पासून तो एलिनॉरच्या मुलाचा, युवराज हेन्रीचा, शस्त्रगुरू झाला आणि पुढची बारा-तेरा वर्षं उत्तर फ्रान्सच्या टूर्नामेंटांमध्ये त्याने पैसा आणि नाव दोन्ही कमावलं. तेव्हाची टूर्नामेंट म्हणजे कुंपणाच्या दोन बाजूंनी भाले रोखून धावणारे दोन स्वार नव्हेत. शेकडो नाईट दोन तट करून मैलोगणती शेतं, खेडी, वाटा तुडवत झुंजायचे. प्रतिस्पर्ध्याला ठार करण्यात फायदा नव्हता. त्याला जिवंत धरायचं, त्याचा घोडा घ्यायचा आणि सुटकेचे पैसे ठरवून सोडायचं. मार्शलने रोजर द गोजी नावाच्या नाईटबरोबर भागीदारी केली. दहा महिन्यांत दोघांनी १०३ नाईट पकडले. हा आकडा युवराजाच्या स्वयंपाकघराचा कारकून विगेन याने लिहून ठेवला होता. प्लेरच्या टूर्नामेंटनंतर सर्वोत्तम योद्ध्याचं बक्षीस द्यायला लोक मार्शलला शोधत निघाले, तर तो सापडला लोहाराकडे. घाव बसून बसून त्याचं शिरस्त्राण डोक्याभोवती इतकं चेपलं होतं, की ते निघेना. ऐरणीवर डोकं ठेवून तो वाकला होता आणि लोहार हातोडी-पकडीने ते सोडवत होता.

इतकं सगळं करूनही चाळिशी उलटेपर्यंत त्याच्याकडे नाव घेण्याजोगी जमीन नव्हती, हे मात्र स्वकर्तृत्वाच्या कहाणीत झाकलं जातं. ११८३ मध्ये युवराज मेला. त्याच्या वतीने मार्शल जेरुसलेमला जाऊन आला. मग युवराजाच्या बापाची, म्हाताऱ्या राजा दुसऱ्या हेन्रीची नोकरी धरली. ११८९ मध्ये राजाचा बंडखोर मुलगा रिचर्ड पाठलाग करत असताना मार्शलने त्याच्या घोड्यात भाला खुपसून त्याला खाली पाडलं, माणसाला हात लावला नाही. काही आठवड्यांत हेन्री मेला आणि तोच रिचर्ड राजा झाला. रिचर्डने सूड घेतला नाही. उलट बापाने कबूल केलेलं इनाम त्याने पक्कं केलं, आणि ते इनाम म्हणजे एक मुलगी होती.

इझाबेल द क्लेअर तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. बाप रिचर्ड द क्लेअर, ‘स्ट्राँगबो’ नावाने ओळखला जाणारा. आई ईफा, लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची लेक. राज्य गमावलेल्या डर्मटने परत मिळवण्यासाठी स्ट्राँगबोला आयर्लंडात बोलावलं आणि ११७० मध्ये वॉटरफर्ड पडल्यावर ईफाचं लग्न त्याच्याशी लावलं. स्ट्राँगबो ११७६ मध्ये वारला, इझाबेलचा भाऊ वयात येण्याआधीच गेला आणि चेपस्टो, पेम्ब्रोकवरचा हक्क आणि अख्खं लेन्स्टर या मुलीच्या नावावर आलं. राजाची पाल्य म्हणून ती लंडनच्या टॉवरमध्ये होती. वारस मुलीचं लग्न कोणाशी लावायचं हे ठरवण्याचा अधिकार राजाचा. तो विकता येई, बक्षीसही देता येई. ऑगस्ट ११८९ मध्ये त्रेचाळिशीच्या आसपासच्या मार्शलशी तिचं लग्न लागलं आणि काल ज्याच्याकडे काही नव्हतं तो माणूस एका दिवसात राज्यातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक झाला. वीस वर्षांच्या तलवारीने जे दिलं नाही ते या एका लग्नाने दिलं.

मार्शलला हे नेमकं माहीत होतं. १२०७ मध्ये, रिचर्डनंतर गादीवर आलेल्या राजा जॉनने त्याला आयर्लंडातून तातडीने बोलावून घेतलं. जॉनचा डाव उघड होता: हा इकडे आला, की आयर्लंडातला आपला अधिकारी मिलर फिट्झहेन्री याच्याकरवी त्याच्या मुलखावर हल्ला करायचा. निघण्यापूर्वी मार्शलने किल्केनीला आपले सगळे सरदार जमवले आणि इझाबेलचा हात धरून तिला त्यांच्यापुढे उभं केलं. ती तेव्हा गरोदर होती. तो त्यांना म्हणाला, की ही जन्माने तुमची धनीण आहे, तुम्हाला जमिनी देणाऱ्या अर्लची ही मुलगी. माझं इथे जे काही आहे ते हिच्यामुळे आहे, तेव्हा हिला सांभाळा. भर सभेत, साठीतला, सगळ्या युरोपात नाव असलेला योद्धा हे बोलतो आहे. त्यात नम्रतेचा देखावा नाही. लेन्स्टरच्या सरदारांची निष्ठा कोणाच्या नावाने मागता येते, याचा हा रोखठोक हिशेब होता. तो लागूही पडला. काही जण फुटले, पण बहुतेक इझाबेलच्या बाजूने उभे राहिले आणि मिलरलाच नमावं लागलं.

हा प्रसंग आपल्याला कळतो तो मार्शलच्या चरित्रकाव्यातून. त्याच्या थोरल्या मुलाने, जुना सेवक जॉन ऑफ अर्लीच्या आठवणींच्या आधारे, १२२० च्या दशकात ते रचून घेतलं. जुन्या फ्रेंचमधल्या १९ हजारांहून अधिक ओळी आणि एकच हस्तलिखित. १८६१ मध्ये पॉल मेयर या फ्रेंच विद्वानाने ते लंडनच्या लिलावात ओझरतं पाहिलं, मग वीस वर्षं त्याचा पिच्छा पुरवला आणि १८८१ मध्ये एका खासगी संग्रहात ते गाठलं. राजा नसलेल्या, धर्मगुरू नसलेल्या माणसाचं इतकं सविस्तर चरित्र त्या काळातलं दुसरं सहसा मिळत नाही. ते मुलाने बापाच्या गौरवासाठी लिहवून घेतलं, तरी त्यात बाया पावलोपावली येतात. पाव पोखरणारी बाई येते, पण तिचं नाव येत नाही. वाचणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायला हव्यात.

१२१६ नंतरची मार्शलची कामगिरी बरीच परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात. राजा जॉन मेला तेव्हा वारस तिसरा हेन्री नऊ वर्षांचा, अर्धा मुलूख बंडखोरांच्या आणि फ्रेंच राजपुत्र लुईच्या हाती. सत्तरीच्या मार्शलने राज्याचा कारभार अंगावर घेतला. मे १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत तो स्वतः उतरला, तेही घाईत शिरस्त्राण घालायचं विसरून, आणि लढाई जिंकली. जॉनने रद्द ठरवून घेतलेला मॅग्ना कार्टा मार्शलच्या मुद्रेने १२१६ आणि १२१७ मध्ये पुन्हा जारी झाला. त्यात एक कलम असं होतं, की विधवेला तिच्या मनाविरुद्ध पुन्हा लग्न करायला भाग पाडता येणार नाही.

१२१९ च्या वसंतात तो कॅव्हरशॅमला अंथरुणाला खिळला आणि वाटण्या करू लागला. थोरल्या विल्यमला मुख्य वारसा, रिचर्डला नॉर्मंडीकडचं, वॉल्टरलाही काही. गिल्बर्ट चर्चमध्ये जाणार होता. धाकट्या अँसेल्मला त्याने काहीच ठेवलं नाही: मी कमावलं तसं त्यानेही कमवावं. जॉन ऑफ अर्लीने रदबदली केली तेव्हा कुठे १४० पौंड उत्पन्नाची जमीन त्याच्या नावे झाली. चार मुलींची लग्नं आटोपली होती. उरली होती जोन. तिच्यासाठी ३० पौंडांची जमीन आणि २०० मार्क रोख. या पोरीचं काही ठरलं नाही, याचा घोर त्याला होता. एक दिवस त्याला गावंसं वाटलं; पण मरणाऱ्या माणसाने गाणं बरं दिसेल का, म्हणून त्याने मुलींना बोलावलं. थोरली मॉड आधी गायली. जोन लाजत, दबक्या आवाजात गायली, तर त्याने तिला जवळ घेऊन कसं गायचं ते शिकवलं. १४ मे १२१९ ला तो गेला. टेम्प्लर पंथाची दीक्षा त्याने शेवटी घेतली होती, म्हणून लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याला पुरलं.

मुलग्यांचं पुढे काय झालं? थोरल्याचं लग्न राजाच्या बहिणीशी झालं, मूल झालं नाही. रिचर्डने राजाच्या परदेशी सल्लागारांविरुद्ध बंड केलं आणि १२३४ मध्ये किल्डेअरच्या माळावर घायाळ होऊन मेला. गिल्बर्टने चर्च सोडून अर्लपद घेतलं. १२४१ मध्ये हर्टफर्डजवळच्या टूर्नामेंटमध्ये त्याच्या घोड्याचा लगाम तुटला, तो खाली पडला आणि रिकिबीत पाय अडकून फरफटत गेला. ज्या खेळावर बापाने नाव कमावलं, त्या खेळात मुलगा गेला. वॉल्टर आणि अँसेल्मचं वर आलंच आहे.

इथे इंग्रजी कायद्याची एक तऱ्हा कामाला आली. मुलगे असतील तर सगळं थोरल्याला. धाकट्यांना, बापाची मर्जी असेल तेवढं. मुलगे नसतील तर मात्र सगळ्या मुलींचा सारखा वाटा. मुलगी हयात नसेल तर तो वाटा तिच्या मुलांना. १२४७ मध्ये मार्शलच्या मालमत्तेचे पाच भाग झाले. पाच बहिणींपैकी तेव्हा एकटी मॉड जिवंत होती. तिला चेपस्टो आणि कार्लो. इझाबेलच्या घरी किल्केनी. सिबिलच्या घरी किल्डेअर. इव्हाच्या घरी डनमेस. जोनच्या घरी वेक्सफर्ड आणि पेम्ब्रोक. सिबिलला सात मुली, त्यामुळे तिच्या पाचव्या हिश्श्याचे आणखी सात तुकडे पडले. म्हणजे ज्या लेन्स्टरवरचा हक्क ईफा नावाच्या आयरिश मुलीने आणला, ते तिच्या नातींच्या आणि पणत्यांच्या नावांनी वाटलं गेलं. आणि जिच्यासाठी बापाने ३० पौंडांची तजवीज केली होती त्या जोनच्या मुलीला पेम्ब्रोक मिळालं. तिचा नवरा विल्यम द व्हॅलेन्स तिच्या हक्काने तिथला धनी झाला.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. या बाया काय, मालमत्ता एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे नेणारी वाट होत्या. टॉवरमधल्या इझाबेलला कोणी विचारलं होतं? तिला कोणी विचारलं होतं असं काव्य कुठेच सांगत नाही. मार्शलच्या आईच्या, थोरल्या सिबिलच्या, लग्नासाठी एका बाईचा संसार मोडला, तिची बाजूही कुठे नोंदलेली नाही. हे सगळं खरं. पण हक्क एकदा नावावर आला, की तो हाती घेणाऱ्या बायाही होत्याच. थोरल्या विल्यमची विधवा, राजाची बहीण एलिनॉर, वयाच्या सोळाव्या वर्षी मागे राहिली. मार्शलांच्या आयर्लंड आणि वेल्समधल्या जमिनींत विधवा म्हणून तिचा जो तिसरा हिस्सा होता, त्याच्या बदल्यात तिला वर्षाला ४०० पौंड ठरवून दिले. हे फार कमी आहे, असं तिचं म्हणणं. पुढे तिने सायमन द माँटफर्टशी लग्न केलं, पण मार्शलांकडचा हा हक्क तिने सोडला नाही. १२५९ मध्ये फ्रान्सशी पॅरिसचा तह व्हायचा होता आणि त्यासाठी तिची संमती लागत होती, तेव्हा देणं चुकतं केल्याशिवाय ती संमती देईना; दोन राजांचा तह शेवटच्या घटकेपर्यंत खोळंबला. सायमनने राजाविरुद्ध जे बंड केलं त्याची कारणं बरीच होती, पण त्यांत हे न मिटलेलं येणंही होतं. १२६५ मध्ये इव्हशमच्या लढाईत सायमन मारला गेला. त्याचं मुंडकं शत्रूंनी पाठवलं ते विग्मोरला, रोजर मॉर्टिमरच्या बायकोकडे. ही मॉड द ब्रिओज म्हणजे इव्हाची मुलगी, मार्शलची सख्खी नात.

याच मॉडचा नातू रोजर मॉर्टिमर. १३२७ मध्ये दुसऱ्या एडवर्डला गादीवरून उतरवण्यात राणी इझाबेलाबरोबर तो पुढे होता. मॉर्टिमरांचं रक्त ॲन मॉर्टिमरकडून यॉर्क घराण्यात गेलं, तिचा नातू चौथा एडवर्ड राजा झाला, त्याची लेक एलिझाबेथ ही आठव्या हेन्रीची आई. दुसरीकडे इझाबेल मार्शलची मुलगी ब्रूस घराण्यात दिली होती. तिचा नातू रॉबर्ट ब्रूस १३०६ मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला. तो मार्शलचा खापरपणतू. या साखळ्यांत अवघड जागी प्रत्येक वेळी एक मुलगी आहे. ती वगळली तर साखळी तुटते, आणि नेमकी तीच वगळून घराण्यांचा इतिहास लिहिण्याची पद्धत पडली. वंशवृक्षाच्या तक्त्यात लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या नावापुढे रेघ संपते. मग तक्त्यावर विसंबून आपण म्हणतो, की झाड वठलं.

आडनाव संपलं, हे कबूल करावंच लागेल, आणि बिशपच्या शापात नाव पुसलं जाईल असंच म्हटलं होतं. पण नाव म्हणजे वंश नव्हे. मार्शल हे मुळात आडनाव नव्हतंच, तो राजदरबारातला हुद्दा होता आणि त्या हुद्द्याचंही काहीतरी व्हायला हवं होतं. युद्धकाळात सैन्याची शिस्त पाहणारं, राज्याभिषेकाची व्यवस्था लावणारं ते काम; बाईकडे कसं जाणार? ते गेलं. १२४६ मध्ये तिसऱ्या हेन्रीने मार्शलपदाचा दंड मॉडच्या हाती दिला. ती मग ते पद आपल्या मुलाला, रोजर बिगॉडला, वापरू देऊ लागली. तिला दोन लग्नांमुळे नॉरफकची आणि वॉरेनची काउंटेस अशी दोन भारदस्त बिरुदं होती. पण आयुष्याच्या शेवटच्या त्या दोन वर्षांतल्या आपल्या दस्तऐवजांत नवऱ्यांकडून आलेल्या बिरुदांच्या आधी ती बापाकडून आलेलं बिरुद लावते: मॉड, इंग्लंडची मार्शल.